मॉसपाशी वळण

केसाहून बारीक काच.
चिमटीत धरते, स्पिरिटनं पुसते, टोक सरळ छाटते,
यंत्राच्या दोन दाढांमध्ये टोकाला टोक भिडवते.
एक ठिणगी.
झालं. जुळली.
इचलकरंजीत आमच्या गल्लीला असली कामं नवी नव्हती.
आई वहिफणीला जायची,
एकेक तार फणीतून ओवायची, पाठ मोडेपर्यंत,
आणि म्हणायची, घाई केलीस तर कापड चुगली करतं.

इथं रॅव्हनथ्वेटमध्ये आता कापड नाही.
खाली ओढ्याकाठी गिरणीची चिमणी उरलीय,
तिच्या तोंडात कावळ्यांचा संसार.
बँक गेली, शाळा गेली,
पोस्ट आठवड्यातून दोन सकाळी
चॅपलच्या मागच्या खोलीत उघडतं.
मोठ्या कंपनीनं पत्र पाठवलं होतं: घरं त्रेसष्ट, परवडत नाही.
डोरीन बॅटर्सबीनं ते पत्र गरम किटलीखाली सारलं
आणि म्हणाली, मग आपणच खणू.

खणलं त्यांनी.
पन्नास पन्नास पौंडांचे शेअर,
मेंढ्यांच्या पैशातून, पेन्शनीतून,
एकीनं तर लग्नातली चांदीच्या काटेचमच्यांची पेटी विकून.
दर शनिवारी कुदळी, एक उसना जेसीबी, डोरीनचा आल्याचा केक.
दगडी बांध उतरवायचा, खालून नळी सारायची,
बांध पुन्हा होता तसाच रचायचा.
दगडाला शेजारच्या दगडाची ओळख असते म्हणे,
चुकीचा बसवला तर हिवाळ्यात बाहेर पडतो.
मी सगळ्यांच्या मागून यायची,
छोट्या तंबूत बसून काच सांधायची.
वाऱ्यानं हात हलला
की पुन्हा पहिल्यापासून.

हॅरल्ड एंटविसलनं मात्र फाटक उघडलं नाही.
त्याचं शेत बरोब्बर मध्ये.
कोणी म्हणालं, पैसे हवेत. कोणी म्हणालं, जन्माचाच आडमुठा.
मी गेले तेव्हा नकाशावर बोट ठेवून म्हणाला,
तुझी ही लाल रेघ माझ्या कुत्र्याच्या छातीवरून जाते.
काटेरी हॉथॉर्नखाली पुरलं होतं त्यानं मॉसला.
चौदा वर्षांचा.
वर खुणेचा दगडही नाही.

मग आम्ही दोघांनी पावलं मोजली.
अकरा डावीकडे, मग हळूहळू परत.
काचेला एकदम वळवलं तर मोडते,
तिला ऐसपैस वळण द्यावं लागतं,
डोक्यावर भरली घागर असल्यासारखं.

मार्चमध्ये रात्री दोनला त्याचा फोन आला,
त्याच लायनीवरून,
जी त्यानं “नको, पण असू दे” म्हणत घेतली होती.
मेंढी अडली होती.
डोरीनचे गुडघे धरलेले, म्हणून तिची भाडेकरू, मी, गेले.
डॉक्टरीणबाई चाळीस मैलांवर, बर्फाच्या पलीकडे,
पडद्यावर, विस्कटलेल्या केसांनी:
डावा पाय. नाही, तुझा नाही, त्या पिल्लाचा डावा.
मी टॅबलेट धरून उभी,
हॅरल्डचा हात कोपरापर्यंत आत,
आणि बाईंचा आवाज एकदाही तुटला नाही.
एक पिल्लू जगलं, एक नाही.
हात धुताना हॅरल्ड म्हणाला,
पन्नास टक्के. बँकेपेक्षा बरं.

गाव बदललं असं मी म्हणणार नाही.
शाळा बंदच आहे, बस मंगळवारीच येते.
पण गिरणीच्या जुन्या हिशेबखोलीत तिघं जण
लीड्सच्या दवाखान्यांचे हिशेब करतात,
आणि जेवायला घरी जातात.
डोरीनची भाची लोकर विकते नॉर्वेत,
तिकडेही मेंढ्या आहेत की, म्हणून डोरीनला अजून पटत नाही.

काम संपलं की अंतिम नकाशा भरायचा असतो.
आखलेल्या रेघेवरून जिथं ढळलात, तिथं कारण लिहा.
चौकोन अगदी लहान.
मी लिहिलं: मॉस.

प्रेस्टनच्या ऑफिसातून विचारणा आली,
शेवाळासाठी अकरा पावलं?
हो, मी कळवलं.
चौदा वर्षांचं होतं.